नकाशावरचा पडदा

मी सही केलेल्या अहवालात एक पडदा होता. खाणीत तो पडदा नव्हता. हे मला एका अनोळखी माणसाच्या फोनवरून कळलं. त्याला आता दोन महिने होत आले, पण राग उतरलेला नाही. उतरावा असं काही घडलेलंही नाही.

आमचं ऑफिस धारवाडजवळच्या नवनगरात आहे. अकरा माणसं, दोन खोल्या आणि एक मोठा संगणक. त्याच्यासाठी एसी चालू असतो, आमच्यासाठी पंखा. जिथं हवा किंवा पाणी वाहतं अशा जागेची आम्ही संगणकात प्रतिकृती करतो. तिचे लाखो बारीक तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यात हवा कुठल्या दिशेनं, किती वेगानं जाते ते गणित संगणकाकडून सोडवून घेतो. शेवटी एक रंगीत चित्र निघतं. निळं म्हणजे ठीक, लाल म्हणजे धोका. गिऱ्हाईक चित्र बघतं. आकड्यांचं पान कुणी उलटत नाही, हे मी वीस वर्षं बघते आहे. पंप, भट्ट्या, शीतगृहं, ऑपरेशनच्या खोल्या असं सगळं केलंय. गेल्या वर्षी पहिल्यांदा कोळशाची खाण आली.

खाण इकडची नाही. आमच्या मातीत कोळसा नाही. ती विदर्भातली, जमिनीखालची. खाली काय होतं ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोळशात बोगदा खणत पुढे नेतात. बोगद्याचं टोक बंद असतं. तिथं कोळसा फोडला की त्यातून मिथेन सुटतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताला जाऊन साठतो. पुरेसा साठला आणि कुठं ठिणगी पडली की स्फोट. म्हणून ताजी हवा टोकापर्यंत पोचवावी लागते. मुख्य वाटेवरून हवा वाहत असते, पण ती सरळ निघून जाते, आपण होऊन बोगद्यात वळत नाही. तिला वळवायला बोगद्याच्या तोंडाशी, चौकात, जाड कापडाचा पडदा आडवा लावतात आणि तोच पडदा पुढे बोगद्यातून टोकापर्यंत नेतात. पडद्याच्या एका अंगानं हवा आत जाते, टोकाला वळसा घालते, वायू घेऊन दुसऱ्या अंगानं बाहेर पडते. सगळी मदार त्या कापडावर.

आम्हाला प्रश्न असा दिला होता : बोगद्याला बाजूनं नवा जोड, म्हणजे शेजारच्या बोगद्याला मिळणारी हवेची आडवी वाट, न काढता तो आणखी किती पुढे नेता येईल? जोड काढायचा म्हणजे वेळ जातो आणि कोळसा थांबतो. जितका लांब नेता येईल तितका त्यांना हवा होता. त्यांनी नकाशे पाठवले, मी मॉडेल केलं, चित्र निळं आलं. सध्या आहे त्याच्यापेक्षा बराच पुढे नेला तरी टोकाला हवा पोचते, असं मी लिहिलं आणि सही केली.

फोन आला एका मंगळवारी, मी डबा उघडत होते तेव्हा. पलीकडचा माणूस त्या खाणीतला ओव्हरमन होता. ओव्हरमन म्हणजे पाळीतली माणसं आणि त्यांचा जीव ज्याच्या हवाली असतो तो. माझा नंबर त्याला अहवालावरूनच मिळाला होता.

"नमस्कार ताई. तुम्ही मराठीतून बोलता म्हणे."

"बोला."

"तुमचं चित्र आमच्या ऑफिसात भिंतीले लावलं हाये. लय सुंदर हाये. फक्त मले एक सांगा, चौकात जो परदा दाखवला, तो कोणत्या खदानीतला हाये?"

मला वाटलं, माणूस उगीच थट्टा करतोय. "तुमच्याच. तुमच्या साहेबांनी पाठवलेल्या नकाशात आहे."

"नकाशात असंन बाप्पा. चौकात नाही."

"मग गेला कुठं?"

"वर. गुंडाळून तारेनं बांधला हाये. कोळशाची गाडी तिथूनच जाते ना ताई. घडोघडी जाते. दर डावाले परदा कोण उचलन? खाली सोडला तर गाडीची बकेट त्याले संगच घेऊन जाते. दोन डाव फाटला. तिसऱ्या डावाले मागाले गेलो तर स्टोअरवाला म्हणते, काय रे, घरी लुगडी नेसवून राहिला काय याची?"

"आणि तपासणीला कुणी आलं तर?"

"तवा खाली असते. तवा गाडी बंद असते."

मी त्याच्यावर भडकले. तुम्ही स्वतः तिथं उभे राहता, सात-आठ माणसं तुमच्या भरवशावर आत येतात, आणि तुम्ही पडदा बांधून ठेवता, असं बरंच बोलले. त्यानं ऐकून घेतलं.

"उभा राहतो म्हणूनच फोन केला ना ताई," तो म्हणाला. "आतापर्यंत बोगदा तोकडा होता. परदा वर असला तरी थोडीफार हवा लागे अंगाले. आता तुमच्या चित्रावरून येत्या सोमवारपासून लांब नेणार हाये. साहेब म्हणते, कम्प्युटरनं सांगितलं, चालते. म्हटलं, कम्प्युटरले परद्याचं ठाऊक हाये का, ते तरी विचारावं."

संगणकाला ठाऊक नव्हतं, कारण मी त्याला सांगितलं नव्हतं. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे : पडदा अखंड असून छतापासून जमिनीपर्यंत टेकलेला आहे असे गृहीत धरले आहे. ती ओळ माझी. आमच्या प्रोग्रॅममध्ये पडदा म्हणजे एक रेघ. तिला जाडी नाही, शिवण नाही, भोक नाही, आणि तिच्यातून काहीही जात नाही. एक क्लिक केलं की झाला पडदा. मी कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी. लोंबत्या कापडाचं काय होतं हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे, आणि तरी मी ते क्लिक केलं.

डबा तसाच बंद करून मी मालकांच्या खोलीत गेले. मालक धारवाडचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार, कानडीत गोड बोलणारे. काम करून घ्यायचं असलं की मी अक्का, नाही म्हणायचं असलं की मी मॅडम. मी सगळं सांगितलं.

"मॅडम," ते म्हणाले, तेव्हाच मला कळलं. "नकाशा कुणी दिला?"

"त्यांनी."

"पडदा नकाशात आहे?"

"आहे."

"मग आपलं चुकलं कुठं?"

"तो खाणीत नाही."

"खाणीत काय आहे ते बघायचं काम आपल्याला दिलंय का?"

"सोमवारपासून आपल्या कागदावर बोगदा पुढे जाणार आहे."

"आपल्या कागदावर गृहीतकं लिहिली आहेत. तुम्हीच लिहिलीत. छान लिहिलीत."

मी म्हटलं, पडदा वर धरून पुन्हा एकदा गणित चालवते, तीन दिवस लागतील. ते म्हणाले, "आगूदिल्ल मॅडम." होणार नाही. गिऱ्हाईकानं मागितलेलं नाही. शिवाय पुन्हा चालवलं आणि लाल आलं, तर पहिलं चुकलं होतं असा पुरावा आपणच तयार केल्यासारखं होईल. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला क्षणभर ते पटल्यासारखं वाटलं, आणि त्याचा राग नंतर जास्त आला. आमच्या ऑफिसच्या दारात 'सुरक्षितता प्रथम' अशी तीन भाषांतली पाटी आहे. मी तिच्याखालून बाहेर पडले आणि बसस्टॉपवर येईपर्यंत ठरवलं की गणित चालवायचं.

पण नुसतं पडदा आहे की नाही एवढ्यानं भागणार नव्हतं. पडदा खाली असतानाही किती हवा गळते, अर्धा वर असताना किती, हे कळायला हवं होतं. खाण हजार मैलांवर असल्यासारखी होती. कापड मात्र इथं होतं. माझा मोठा भाऊ बाजारात ताडपत्री आणि कॅनव्हास विकतो, वडिलांचंच दुकान. गुरुवारी अर्धी रजा टाकून मी त्याच्या गोदामात गेले.

"शिकून शिकून शेवटी गोदामातच आलीस," अण्णा म्हणाला.

"पंखा कुठाय?"

"आधी चहा घे. काय मोजणार आहेस?"

मी त्याला खाणीच्या कापडाचा कागद दाखवला. त्यानं चष्मा वर करून वाचला आणि तसलंच एक ठाण काढायला लावलं. "लोंबतं कापड जमिनीला टेकत नाही," तो म्हणाला. "टेकवलंस तर भिजतं, सडतं, नाहीतर चाकात जातं. आणि दोन पन्हे जोडले की जोडातून वारा येणारच."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक होतं तर टेकलेलं काढलंस कशाला?"

गठ्ठ्यांच्या दोन रांगा लावून आम्ही एक वाट केली, तिला काटकोनात एक बंद बोळ केला, वर प्लायवूड टाकलं. वाटेच्या तोंडाशी मोठा पंखा ठेवला. चौकात कापड टांगून ते पुढे बोळात नेलं आणि बोळाच्या टोकाला उदबत्त्यांचा जुडगा पेटवून ठेवला. धूर वर जातो, मिथेनही वर जातो. तंतोतंत सारखं नाही, पण डोळ्यांना दिसायला पुरे. हवेचा वेग मोजायचं यंत्र मी ऑफिसातून आणलं होतं, वहीत नोंद करून आणलं होतं. अण्णाचा म्हातारा हमाल गठ्ठ्यावर बसून सगळं बघत होता. "अक्का, पूजा कुठल्या देवाची?" त्यानं कानडीत विचारलं. अण्णा म्हणाला, "विज्ञानाची. प्रसाद नाही मिळणार."

कापड खाली असताना धूर टोकाशी वळून बाहेर येत होता, पण माझ्या निळ्या चित्रात यायचा तसा नाही. बरीच हवा कापडाच्या खालून आणि जोडातून निसटत होती, टोकापर्यंत जात नव्हती. मग आम्ही चौकातलं कापड गुंडाळून दोरीनं वर बांधलं. पंखा तोच, वेग तोच. हवा सरळ वाटेनं निघून गेली आणि धूर बोळाच्या टोकाला छताशी साचायला लागला. हमालानं बसल्याजागी नाकाला पंचा लावला. मी आकडे लिहून घेतले.

कापड सोडताना अण्णा म्हणाला, "बर्फाच्या कारखान्याच्या दाराला प्लास्टिकच्या लोंबत्या पट्ट्या असतात बघ. माणूस आत-बाहेर करतो, पट्ट्या परत मिटतात. गाडीच्या वाटेपुरतं तसं केलं तर?" एवढं साधं होतं ते. पाच मिनिटांत सुचण्यासारखं. फक्त कुणीतरी कापडाकडे कापड म्हणून बघायला हवं होतं.

शुक्रवारी मालक बेंगळुरूला होते. मी मोठ्या संगणकावर तीन मॉडेलं लावली : पडदा खाली, पडदा वर, आणि चौकात पट्ट्या. लपवलं नाही. यादीत माझं नाव घालून लावली. बाकीची कामं रांगेत मागे गेली, शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वळवून पाहिलं आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. पूर्ण गणिताला तीन दिवस लागले असते, ते होते कुणाकडे? मी मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, थोडी मोकळी केली आणि फक्त बोगद्याच्या टोकाकडचा भाग बारीक ठेवला. शनिवारी सकाळी उत्तरं आली. पडदा वर असताना, त्यांना हव्या त्या लांबीवर, टोकाच्या छताला लाल पट्टा होता. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्याच्या बरोबर वर. आणि वायू मोजायचं यंत्र मीच अहवालात जिथं लावा म्हणून सुचवलं होतं, तिथं निळं होतं. यंत्र वाजलंच नसतं.

मालक अकरा वाजता आले. त्यांना यादीत माझं नाव दिसलेलं होतं.

"मी नाही म्हटलं होतं, मॅडम."

मी चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी पाहिलं. त्यांना कळत नाही असं नाही, ते याच विषयात शिकलेले आहेत.

"अक्का, बसा," ते म्हणाले. "चहा सांगतो. सोमवारी मी त्यांच्या साहेबांशी बोलतो. फोनवर. कागद नको."

"सोमवारी पहिल्या पाळीत ते पुढे जाणार."

"एका दिवसात काही होत नाही."

"हे तुम्ही लिहून देता?"

त्यांनी चहा सांगितला नाही. मी माझ्या टेबलावर येऊन एक पानाचं पत्र लिहिलं : आधीच्या अहवालावरची माझी सही मी मागे घेत आहे, कारणं पुढीलप्रमाणे, तिन्ही चित्रं सोबत, बोगदा पुढे नेऊ नये, चौकात पट्ट्यांचा पडदा लावून पाहावा. आमच्या धंद्यात कुठलाही आकडा किंवा माहिती वापरली की ती कुठून आली ते खाली लिहायचं असतं. ते लिहिलं नाही तर ते काम नव्हे, गप्पा. म्हणून मी तेही लिहिलं. कापडाची गळती : स्वतः घेतलेली चाचणी. पडद्याची प्रत्यक्ष स्थिती : संबंधित पाळीच्या ओव्हरमनने दूरध्वनीवरून दिलेली माहिती. पत्र मेलनं खाणीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पाठवलं, प्रत मालकांना. मग बसनं केशवापूरला घरी आले आणि जेवले.

सोमवारी सुरक्षा अधिकाऱ्याचा फोन आला. बोगदा आहे तिथंच थांबवला होता, नवीन जोड काढायला घेतला होता. मला वाटलं, आभार मानायला फोन केलाय. तसं नव्हतं. आमच्या कर्मचाऱ्याशी परस्पर बोलायचा तुम्हाला काय अधिकार, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, फोन त्यांनी केला, मी उचलला. ते म्हणाले, तेच आम्ही बघतोय.

त्या वाक्याचा अर्थ मला बुधवारी कळला.

"ताई, बोगदा थांबला," ओव्हरमन म्हणाला.

"कळलं. बरं झालं."

"चौकात पट्ट्याही लावल्या. पोरं म्हणते, दुकानात शिरल्यासारखं वाटते. हवा लागते पण अंगाले."

"बरं."

"अन् मले कागद भेटला."

त्यानं कागद वाचून दाखवला. इंग्रजी अडखळत, पण सगळा. हेतुपुरस्सर वायुवीजनाचा पडदा वर उचलून ठेवणे, सहकाऱ्यांचा जीव धोक्यात घालणे, खाणीची माहिती बाहेरच्या व्यक्तीला देणे. निलंबित का करू नये, याचा खुलासा द्या. पुरावा म्हणून माझ्या पत्राची तारीख आणि शेवटच्या परिच्छेदातली ती ओळ.

मी विचारलं, "तुम्ही मला शिव्या का देत नाही?"

"तुम्ही खोटं थोडंच लिहिलं ताई. परदा तर मीच बांधला होता."

"तुमचं नाव घातलं नव्हतं मी."

"त्या पाळीले ओव्हरमन एकच असते ना."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. वीस वर्षं माहितीचा स्रोत लिहिते आहे. पंपाचा कारखाना, यंत्राची पाटी, मोजमापाची वही, हे सगळे माझे स्रोत. त्यांना कुणी कागद देत नाही. हा स्रोत सकाळी डबा घेऊन खाली उतरतो, हे मी लिहिताना विसरले. पडदा टेकलेला काढणं ही माझी पहिली चूक आणि ही दुसरी, आणि दोन्ही चुका मी अगदी नियमाप्रमाणे केल्या. त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. ज्यानं नकाशा पाठवला त्याला कागद नाही. ज्यानं फाटलेल्या कापडाच्या बदली नवं दिलं नाही त्याला नाही. माझ्या मालकांना नाही. मलाही नाही. मी तर चुकीच्या अहवालावर सही केलेली. कागद मिळाला तो एकट्यालाच, ज्यानं फोन केला.

खुलासा आम्ही दोघांनी फोनवरून मिळून लिहिला. तो बोलायचा, मी लिहायची, मग वाचून दाखवायची. तो म्हणायचा, एवढं कडक नको ताई, मले तिथंच नोकरी करायची हाये. मी दोन वाक्यं काढायची आणि एक परत घालायची. तेवढ्यात मला वाटलं, नुसतं गाडी जाते म्हणून पडदा वर केला असं लिहून भागणार नाही. ते म्हणतील, गाडी दुसरीकडून न्यायची. म्हणून मी त्यांनीच पाठवलेले सगळे नकाशे पुन्हा उघडले. मी फक्त हवेचा नकाशा वापरला होता, कारण माझं काम हवेचं. कोळसा वाहून न्यायच्या वाटांचा नकाशा वेगळा होता. तो मी कधी उघडलाच नव्हता. मी दोन्ही एकाच मापाला आणले आणि एकावर एक ठेवले. चौकात पडद्याची रेघ आणि गाडीच्या वाटेची रेघ एकमेकींना छेदत होत्या. दोन्ही नकाशांवर एकाच अधिकाऱ्याची सही. ती वाट सोडून गाडीला बोगद्यातून बाहेर पडायला दुसरी वाट नाही. पडदा खाली ठेवायचा आणि कोळसाही काढायचा, हे कागदावरसुद्धा शक्य नव्हतं. फक्त कुणी एक कागद दुसऱ्यावर ठेवून पाहिला नव्हता. मी धरून कुणीही नाही.

चौकशी येत्या शुक्रवारी आहे. मी रजा मागितली. मालकांनी लिहून कळवलं की मंजूर नाही आणि या बाबतीत कंपनीचा माझ्याशी काही संबंध राहणार नाही. मी तिकीट काढलं आहे. चौकशीच्या खोलीत बाहेरच्या व्यक्तीला बसता येणार नाही, असं सुरक्षा अधिकाऱ्यानंही कळवलं आहे. ठीक आहे, मी बाहेरच्या बाकावर बसेन. दोन नकाशे पारदर्शक कागदावर छापून घेतलेत, ते आत तो नेईल. तो म्हणतो, मले साहेबासमोर बोलताना घाम फुटते. म्हणून आत गेल्यावर करायचं ते एवढंच ठरवलं आहे. दोन्ही कागद एकावर एक टेबलावर ठेवायचे, आणि ज्याच्या सह्या आहेत त्यालाच विचारायचं, "साहेब, परदा खाली ठेवून गाडी कुठून न्यावी, तेवढं यावर बोट ठेवून दाखवा."

काल फोनवर त्यानं ते तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा आवाज कापला नाही.